आत्याने दाखवलेल्या जागेचं पाणी

प्रयोगशाळेत तपासणीच्या सहा डिश होत्या. पहिल्या तीन डिशमध्ये मैलापाण्यातल्या जंतूंच्या वसाहती: सात, पाच, आठ. उरलेल्या तिन्हींत एकही नाही. पाणी मात्र एकाच बोअरचं, चर्चच्या आवारातल्या नव्या.

पहिल्या तीन डिशची बाटली सोमवारी आत्याने भरून दिली होती, उरलेल्या तिन्हींची बुधवारी मी भरली. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. घरात मला ‘शास्त्रीणबाई’ म्हणतात, कौतुकाने नव्हे. बोअर कुठे घ्यायची हे आत्याने सांगितलं होतं. एकवीस दिवस प्रार्थना करून तिने कुंपणाजवळची जागा दाखवली, आणि साठ फुटांवर पाणी लागलं. रविवारी उपासनेनंतर सगळी मंडळी ते पिणार होती, पोराबाळांसकट.

शुक्रवारी मी तिच्या शिवणयंत्राशेजारी बसून विचारलं, “आत्या, बाटली कशी भरलीस?”

“तू सांगितलंस तशी. हात धुतले, झाकण काढलं, भरली. मग तोंडावर हात ठेवून प्रार्थना केली.”

“बाटलीच्या तोंडावर?”

“मग काय तुझ्या?”

म्हणजे दोष हाताचा असू शकत होता. मला हायसं वाटलं. पण खात्री करायला पंपवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, “मंगळवारी ब्लीचिंग पावडर टाकलीय ना, ताई. कुणी बोललं नाही?” आता माझी स्वच्छ बाटली त्या पावडरीमुळेही स्वच्छ असू शकत होती. पावडर उपसून काढून नवा नमुना शनिवारी घेता येणार, निकालाला चोवीस तास, आणि उपासना रविवारी आठला.

आत्ताच सांगावं, तर आत्याला कायमचं वाटत राहील की देवाचं म्हणून तिने ऐकलं ते तिचंच मन होतं. न सांगावं, तर मुलं आजारी पडायची. पाळक नेहमी म्हणतात, देवाचं मार्गदर्शन असेल तर मनाला शांती लाभते. मी प्रार्थना केली. सांगायचं ठरवलं, शांती लाभली. गप्प राहायचं ठरवलं, तेवढीच लाभली. पाच वेळा उलटसुलट करून पाहिलं. फरक नाही.

शनिवारी साडेदहाला, तपासणीच्या पट्टीवर पावडरीचं क्लोरीन दिसेनासं होईपर्यंत पाणी उपसलं, जंतू मरावेत म्हणून पंपाचं तोंड ज्योतीने शेकलं. आत्या शेजारी उभी होती, हात पाठीमागे घट्ट धरून. ओठ तेवढे हलत होते. बाटलीचं झाकण लावलं आणि मी सगळं सांगून टाकलं. या वेळी शांती वगैरे काही नाही.

तिने पाठीमागचे हात सोडले.

“म्हणजे मी चुकीचं ऐकलं?”

“माहीत नाही, आत्या. खरंच माहीत नाही.”

“एवढी शिकलीस आणि माहीत नाही!” ती चर्चच्या पायरीवर बसली. म्हणाली, “जागा त्यानेच दाखवली, असं मला अजून वाटतं. उद्याच प्या, असं मात्र तो म्हणाल्याचं आठवत नाही. रविवार मी ठरवला.”

“मग?”

“मग काय! थांबवायचं. पाळकांना मीच सांगते. बायका हसतील, हसू देत. एकवीस दिवस गुडघे झिजवले, दोन दिवस तोंड लपवीन.”

“आणि पाणी चांगलं निघालं तर?”

“तर तू लपव.”

तिने पंपाच्या दांड्याला साखळी गुंडाळून कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली. हे मार्गदर्शन म्हणायचं की दोघींची घाबरगुंडी, हे मला घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही. बहुतेक तिलाही नाही. वाटेत ती दोनदा थांबली आणि दोनदा “चल” म्हणाली.

रविवारी साडेदहाला मी इनक्युबेटरची उबदार पेटी उघडली. तुलनेसाठी ठेवलेली निर्जंतुक पाण्याची डिश: शून्य. बोअरच्या तीन डिश, दर शंभर मिलीलिटरला वसाहती: अकरा, नऊ, बारा.