हसू हरवलेल्या बुवांची चिपळी

मित्रांनो, मी एक जुनी चिपळी आहे. सोलापूरच्या एका सुताराने मला शिसवी लाकडातून घडवलं, पितळी चकत्या बसवल्या आणि वळसंगच्या रामहरीबुवांच्या हाती दिलं.

बुवा शेरडं राखत आणि गावोगाव कीर्तन करत. मी छान वाजायचे, पण खरी गंमत त्यांच्या चेहऱ्यात. आख्यानात विनोद येण्याआधीच त्यांचे गाल हसू लागत, मग अख्खं देऊळ हसे. केवढं सुख होतं ते!

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात बुवांनी काखेतली गोचीड उपटून चुलीत टाकली. शेरडं राखणाऱ्याला तिचं काय कौतुक? पुढे ताप आला, पाठीत कळा निघाल्या आणि दोन्ही गाल निर्जीव झाले. एकच बाजू गेली असती तर तोंड वाकडं दिसलं असतं, लोक कळवळले असते. दोन्ही गेल्यामुळे चेहरा नुसता दगडासारखा. बुवांनाही वाटलं, अशक्तपणा असेल.

तशातच ते मैंदर्गीच्या सप्त्यात उभे राहिले. ओठच मिटेनात, तर रामाच्या नावातला 'म' कुठून यायचा? विनोद आला, चेहरा हलला नाही. लोक पाया पडले, तरी बुवा तसेच.

"लई गर्व चढलाय की," सप्त्याचे पुढारी हिंदुराव म्हणाले. "बुवा, आता हसायची बिदागी येगळी व्हय?"

बुवा मला पिशवीत घालून घरी निघाले. बोलावणी थांबली. मी खुंटीवर लटकले, चकत्या काळवंडल्या. घरात आम्ही दोघंही मुकी.

पण बुवांच्या बायकोने, चंद्रव्वाने, पाहिलं होतं. चहा ओठांतून सांडतो, झोपेतही डोळे उघडेच राहतात. "अय्यो, ह्यो गर्व न्हाय, दुखणं हाय. उठा!" म्हणत ती त्यांना सोलापूरला घेऊन गेली. सवयीने बुवांनी मला पिशवीत टाकलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "गोचीड चावली होती?"

"शेरडं हायत. गोचीड तर घरचीच की आमच्या," चंद्रव्वा म्हणाली.

"गोचिडीमुळे नसांना असा अपाय झाल्याचं परदेशात पाहिलंय. दोन्ही गाल एकदम जाणं विरळच. खात्री देत नाही, पण सुया देऊन बघू."

सुयांनी कळा थांबल्या. ओठ मिटू लागले. उजवा गाल हलला, डावा मात्र नाही. चंद्रव्वाने मैंदर्गीला निरोप धाडला, "बुवा बरं झाल्यात, बोलवा." बोलावणं आलं नाही. अजून आलेलं नाही.

मित्रांनो, एरवी मी म्हटलं असतं, मला पुसून जपून ठेवा. आता मागणं वेगळं आहे. कुणाचं हसू अचानक आटलं, तर नावं ठेवण्याआधी जवळ जा. काय होतंय, एवढं विचारा.

संध्याकाळी बुवा अंगणात मला वाजवत रामनाम घेतात. ऐकायला शेरडं आणि चंद्रव्वा. ती नेहमी त्यांच्या उजव्या बाजूला बसते. हसू तिथूनच दिसतं.