वजन टाका

परळच्या प्रयोगशाळेत उर्वी माणसांची चाल मोजायची. जमिनीत बसवलेल्या दोन पाट्यांवर माणूस उभं राहिलं, की कोणत्या पायावर किती किलो भार आहे ते पडद्यावर उमटायचं. पडदा खोटं बोलत नाही, असं ती येईल त्याला ऐकवायची.

रखमाआजींचं खुब्याचं हाड जुळून चार महिने झाले होते. स्नायूंत ताकद होती. पण डावा पाय भार घ्यायला राजी नव्हता. दोन्ही पाय सारखे टेकेपर्यंत लालबागच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत जायचं नाही, असं मुलानं, राजेशनं, बजावलं होतं. तोवर मुक्काम वडाळ्याला, त्याच्या तळमजल्यावर. तिथे आजींचा जीव रमत नव्हता.

"वजन टाका, आजी! अजून टाका!" तीन आठवडे उर्वी घसा फोडत होती.

आज आकडे आले. उजवा अडतीस, डावा चौदा. उर्वीनं बेरीज केली आणि ती चपापली. बावन्न? पहिल्या दिवशी तर पंचावन्न होते.

"आजी, जेवता ना नीट?"

"रातचो भात सोडलंय," आजी अभिमानानं म्हणाल्या. "तूच सांगितलंस मा, वजन टाका म्हणान. आणखी किती टाकू गो बाय?"

उर्वीनं कपाळावर हात मारला. एवढं शिकून साधं मराठी बोलता येईना! तिला हसू आलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. उपाशी ठेवलं की म्हातारीला!

"अहो, तसं नाही. अंगाचा भार डाव्या पायावरही सोडायचा."

"भार? फुगडी घालताना सोडतत तसो? असा सांग मा मगे!"

आजींनी तिचे दोन्ही हात धरले, पाट्यांवरच पाय जुळवले आणि खुशाल मागे रेलल्या. उर्वीनं जीव मुठीत धरून पकड घट्ट केली. मान वळवून पाहिलं, तर डावा पंचवीस, उजवा सत्तावीस.

हात सुटल्यावर डावा एकवीसवर आला, पण चौदावर काही परत गेला नाही. त्या दिवसापासून रोजची सुरुवात फुगडीनं होऊ लागली, आणि रात्रीचा भातही पुन्हा सुरू झाला.

महिन्याभरानं दोन्ही आकडे सारखे आले, आणि लालबागला आजी आपल्या पायांनी तिन्ही जिने चढल्या. राजेश मागून हात पसरून येत होता, त्याला त्यांनी एकदाही हात लावू दिला नाही. उर्वीला जेवायचं आमंत्रण होतंच. तिच्या ताटात भाताचा डोंगर झाला तरी आजींच्या हातातला डाव थांबेना.

"पुरे, आजी!"

"खा गो बाय. तू तरी वजन टाकू नको."