डबा रिकामा देऊ नये

अंबरपेठेतल्या भामाबाईंना कंप्युटर शिकायचा होता, असं कुणी म्हणालं तर ते साफ खोटं. त्यांना सून जवळ हवी होती. मुलगा रितेश नोकरीसाठी आधीच अमेरिकेत गेलेला, आणि आता त्याच्या बायकोचा, प्रियदर्शिनीचाही व्हिसा आलेला. पुण्याची ही पोर सकाळी कंपनीत जायची ती दिवेलागणीलाच घरी. त्यामुळे जाण्याआधी तुम्हाला कंप्युटरवरचं लिनक्स शिकवते, असं तिनं आपणहून म्हटल्यावर भामाबाईंनी लगेच खुर्ची ओढली. तेवढाच पोरीचा सहवास.

शिकवणी चालली ती स्वयंपाकघराच्या भाषेत. फोल्डर म्हणजे डबा. mkdir म्हणजे नवा डबा मांडायचा, ls म्हणजे काय काय आहे ते बघायचं, mv म्हणजे डबा उचलून दुसऱ्या फळीवर ठेवायचा. cp केलं की तीच वस्तू दोन्हीकडे, हे मात्र त्यांना पटेना. अशी बरकत त्यांनी कुठल्याच स्वयंपाकघरात पाहिली नव्हती.

निघण्याच्या आदल्या रविवारी सून आवराआवरीला बसली. सरावाचे रिकामे डबे काढून टाकू म्हणाली आणि rmdir दिलं. यंत्र हटून बसलं, म्हणे डबा रिकामा नाही. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचं तेच. आत पाहिलं तर प्रत्येकात एक छोटीशी फाइल, नाव sakhar.

हसावं की डोक्याला हात लावावा, तिला कळेना. हे काय म्हणून विचारलं तर भामाबाई शांतपणे म्हणाल्या, "खाली डबा कायकू ठेवायचा, बेटा? आपण शेजारणीचा डबासुद्धा रिकामा परत देत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतो."

आणि इतके दिवस गिळलेलं तोंडून निघूनच गेलं. "समोरच्या मुकुंदरावांची पोरं परदेशी गेली ती गेलीच. तू येशील ना गं?"

भामाबाईंनी मनात स्वतःलाच चार शिव्या घातल्या. जाणाऱ्या पोरीला असं विचारतात का कुणी?

सुनेनं खणातून फ्लॉपी काढली, यंत्रात सरकवली आणि सासूला वाचता यावं म्हणून एकेक अक्षर सावकाश टाइप केलं. पहिल्या दिवशी मांडलेला डबा, आतल्या साखरेसकट, फ्लॉपीवर गेला. बाकीचे तिनं तसेच राहू दिले.

"mv कशाला केलंस?" भामाबाई कळवळून म्हणाल्या. "cp केलं असतंस तर तुझ्याकडे एक, माझ्याकडे एक."

"मग परत द्यायचं कारणच उरलं नसतं," प्रियदर्शिनी म्हणाली. "आता तुमचा डबा माझ्याकडे आहे, आई. तो मलाच आणून द्यावा लागेल."

ती फ्लॉपी बॅगेत ठेवायला आत गेली. भामाबाईंनी ls केलं. डबा खरंच नव्हता. खात्री करायला त्यांनी पुन्हा केलं, आणि डोळ्यांना पदर लावून, हसत, आणखी एकदा.