हितेंद्रभाऊंचा तिसरा हात

ऐन चैत्रात शिवारातली डीपी, म्हणजे पंपांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली आणि बेबाबाईच्या निसवलेल्या, नुकते घड धरलेल्या केळीबागेचं पाणी बंद पडलं. दुरुस्त झालेली डीपी ट्रॉलीतून उतरवायला दहा गडी लागतात, हे एरंडोल तालुक्यात शेंबडं पोरही सांगेल. पण त्या दिवशी थेट धुळ्याहून हितेंद्रभाऊच अवतरले. निवडणूक तोंडावर होती. पाठीवर लाल झूल, छातीवर स्वतःच्याच नावाचं सोनेरी अक्षर आणि मागे कॅमेरावाला.

बेबाबाईचा नवरा चुडामण आणि आणखी नऊ जणांनी दोर-बल्ल्या लावून डीपी उचलली. भाऊंनी तिला खालून दोन बोटं लावली. ऊन डोळ्यांवर आलं म्हणून पुन्हा उचलायला लावली. भाऊंचे केस विस्कटले म्हणून तिसऱ्यांदा. चुडामणचा खांदा टम्म सुजला. पण बागेला पाणी सुटलं, म्हणून बेबाबाईने तोंडातली शिवी गिळली.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. कॅमेरावाल्याने दहाही गडी पुसून टाकले होते. भाऊ एकटेच डीपी पेलताहेत, मागे विजा कडाडताहेत! घाईघाईत एक हात तेवढा पुसायचा राहिला, भाऊंच्या काखेखालून आलेला. गाव हरखलं. भाऊंना तिसरा हात आहे म्हणे! दोन हातांच्या उमेदवारांना मग कोण विचारतो? भाऊ दणक्यात निवडून आले.

महिन्याभरात डीपी पुन्हा जळाली. दुरुस्त होऊन आली आणि तीन दिवस ट्रॉलीतच पडून राहिली. भाऊंचा फोन लागेना, आणि तेच दहा गडी पारावर बसून त्यांची वाट पाहत होते. शेवटी बेबाबाई दोर घेऊन तिथे गेली.

"चला ना बठ्ठा जण!"

"भाऊ येतीन ना," चुडामण म्हणाला. "त्या एकलाच उचलतस."

"मंग तुमना खांदा काबर सुजना व्हता?" तिने फोन त्याच्या नाकासमोर धरला. तिसऱ्या हाताच्या मनगटावर हिरवं गोंदण स्वच्छ दिसत होतं: चुडामण.

चुडामणने फोन पाहिला, मग स्वतःचं तसंच गोंदलेलं मनगट पाहिलं. पुन्हा फोन पाहिला. त्याचे डोळे भरून आले.

"दख," तो गहिवरून म्हणाला, "भाऊनी हातवर मनं नाव गोंदी लिनं!"

पारावर टाळ्यांचा कडकडाट झाला. बेबाबाई दोर धरून तशीच उभी राहिली. तिकडे बागेत केळीने माना टाकल्या होत्या.