एकविसावा दिवस

उत्कर्षाने टॉवेलाचे दोन कोपरे जुळवले, तिसरा निसटला. तिने टॉवेल झटकला आणि पुन्हा सुरुवात केली.

"सावकाश, ताई. हितं कुणी परीक्षा घेत न्हाय," चनमल्लप्पा म्हणाले. त्यांची नजर मात्र स्वतःच्या हातातल्या घडीवरच होती.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला हा कारखाना गुरुवारी बंद असे. माग थांबलेले होते. घड्या घालायच्या खोलीत लांब टेबलाभोवती पाच जण बसले होते आणि पाचही जणांना एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास, होता. चनमल्लप्पा इथले सुपरवायझर. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या जन्मभराच्या धांदलीला नाव दिलं, तेव्हापासून मालकांना विचारून ते ही बैठक भरवत. नियम दोनच. हात रिकामे ठेवायचे नाहीत, म्हणजे कान जागेवर राहतात. आणि घरी अडून बसलेलं एक काम सोबत आणायचं, ते इथे माणसांत बसून उरकायचं.

ही जागा सापडायला उत्कर्षाला बरेच दिवस लागले. तुमच्यासारखी माणसं शोधा, असं डॉक्टर म्हणाले होते. पुण्याचा एक गट होता, तो संगणकावर आणि इंग्रजीत भेटे. हाती आलेल्या तीन नंबरांपैकी दोन बंद होते, तिसऱ्यावरचा माणूस विमा विकू लागला. शेवटी औषधाच्या दुकानदाराने गोळ्यांच्या पाकिटावर चनमल्लप्पांचा नंबर लिहून दिला. आई होती तोवर असल्या शोधाशोधीची गरज पडली नव्हती. वळसंगहून रोज आठ वाजता तिचा व्हिडिओ कॉल येई. किल्ली घेतलीस का, गॅस बंद केलास का, डबा हातात दिसू दे. गेल्या महिन्यात ती उत्कर्षाकडे राहायला आली आणि चौथ्या दिवशी दुपारी झोपेतच गेली.

मांडीवरचा फोन थरथरला. थोरला भाऊ, ऋतुराज.

"गाडीत आहे, जेऊर स्टेशन गेलं आत्ता. दाखला जवळच ठेव, उद्या सकाळी काकांनी तलाठ्याला बोलावलंय. वारस नोंद करायची आहे."

"हो."

"मिळालाय ना नक्की?"

"मिळालाय म्हटलं ना, दादा."

त्याने फोन ठेवला. चार दिवसांपूर्वी ती पहिल्यांदा 'झालं' म्हणाली, तेव्हाही त्याने असाच फोन ठेवून दिला होता.

"तुमी काय काम आणलंय?" शेजारच्या सोनमने विचारलं. ती कॉलेजात शिकत होती आणि बोलताना तिचा पाय सारखा हलत होता.

उत्कर्षाने पिशवीतून फाईल काढली. "आईच्या मृत्यूची नोंद. एकवीस दिवसांत करायची असते."

"आन किती झाले?"

"आज एकविसावा."

"अवो, मग म्हापालिकेत जायचं सोडून हितं कशाला बसलाय?"

"सोने," चनमल्लप्पा म्हणाले, "तू परीक्षेचा फॉर्म कुटं बसून भरलीस गं?"

"हितंच की, मामा."

"मग?"

टेबलावर थोडं हसू फिरलं. उत्कर्षा हसली नाही. चनमल्लप्पांनी हातातला टॉवेल खाली ठेवला आणि फाईल पुढे ओढली. डॉक्टरांचं प्रमाणपत्र, स्मशानाची पावती, आधारची झेरॉक्स. प्रत्येकाच्या तीन प्रती, टाचणी लावून, क्रमाने. त्यांनी एकेक कागद उलटला आणि परत पहिल्यापाशी आले.

"हे कवा जमवलं?"

"तिसऱ्या दिवशी."

"माझ्या फायलीत माझाच कागद मला घावत न्हाय," ते म्हणाले. "आन हाफिसात?"

"जाते."

"जाता?"

"नऊ वेळा गेले. खिडकीपर्यंत."

सोनमचा पाय थांबला.

वरचा अर्ज भरलेला होता. पत्ता, तारीख, माहिती देणाऱ्याचं नाव, नातं मुलगी. मृत व्यक्तीच्या नावाचा रकाना तेवढा कोरा होता. तिथे पेन टेकल्याचे निळे ठिपके पडले होते.

"भाऊ काय म्हणतो?"

"त्याला कळलं तर म्हणेल, विसरली."

"आन तुमी काय म्हणणार?"

उत्कर्षाने अर्जाचा कोपरा सरळ केला. शाळेपासून ती 'विसरले' म्हणत आली होती. खरंच विसरलेली असताना, आणि नसतानाही. तेवढ्यावर लोक सोडून देत.

तिने पेन उचललं. मथुराबाई, एवढं लिहायला तिला बराच वेळ लागला. मग वडिलांचं नाव, मग आडनाव. टेबलाभोवतीचे हात चालू होते, तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं. अक्षर वाळेपर्यंत ती थांबली आणि तिने ऋतुराजला फोन लावला.

"दादा, दाखला मिळालेला नाही. मी खोटं बोलले. नोंदच केलेली नाही अजून."

गाडीचा खडखडाट तेवढा ऐकू येत राहिला. मागे कुणीतरी चहा विकत होतं.

"विसरलीस," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. 'हो' म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं.

"नाही. विसरले नाही. रोज आठवण होती."

तिने फोन कानापासून काढून पाहिला. चालू होता.

"तेराव्यानंतर मी दोन दिवस राहिलो होतो ना," तो अखेर म्हणाला. "कार्यालय उघडं होतं दोन्ही दिवस. मला जाता आलं असतं."

"मग?"

"मला वाटलं, तू विसरशील आणि ती नोंद राहून जाईल."

तिने मोकळा हात अर्जावर ठेवला.

"म्हणून तर तुला दिलं होतं, उत्कर्षा."

तिने फाईल मिटली, पुन्हा उघडली आणि तशीच छातीशी धरून उठली. चनमल्लप्पांनी पाय आत घेऊन तिला वाट करून दिली.

"गाडी कितीला पोचते?" तिने विचारलं.

"सव्वादोनला."

"खिडकी पाचला बंद होते. मी स्टेशनवर येते."

"बरं," तो म्हणाला. फोन मात्र दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.