नंदिनीला बघायला आले तेव्हा

मला धीर म्हणून नाही. कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करणारी मी बाई. त्र्याण्णवच्या जानेवारीत दंगलीत तिची मुंबईतली खोली जळाली, तेव्हा माझी मावसबहीण सुंदराअक्का तिच्या नंदिनीला घेऊन कोपरखैरण्याला माझ्याकडे आली. पोर सतरा वर्षांची. खोली जळाली त्या दिवशी चार जणांनी तिला गल्लीतून ओढून नेलं होतं आणि दुसऱ्या सकाळी आणून टाकलं होतं. घरात हे आम्हा दोघी बहिणींनाच ठाऊक. माझ्या नवऱ्यालाही मी सांगितलं नव्हतं.

नंदिनी दिवसभर घरात येरझाऱ्या घालायची. तिला एका जागी बसवतच नसे. तिच्या फेऱ्या बघून माझाही जीव थाऱ्यावर राहीना. महिला संस्थेच्या अस्मिताताई दर मंगळवारी यायच्या. कधी तिच्याशी बोलायच्या, कधी नुसत्याच तिच्याजवळ बसायच्या. "शालनताई, घाई नको. वेळ लागतो याला," म्हणायच्या. नुसतं बसून कुणी बरं होतं का? मला राग यायचा.

म्हणून मीच औषध शोधलं. दिलीप, आमच्या साताऱ्याकडचाच, रबाळ्याच्या कारखान्यात कामाला, गरीब स्वभावाचा.

"शाले, त्यांना कळलं तर गं?" अक्का रडकुंडीला आली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची. सासरी रमली की इसरंल ती."

नंदिनीला त्याच सकाळी सांगितलं, "चारला पाहुणे येनारेत. माझी हिरवी साडी नेस." ती काही बोलली नाही. मी तोच होकार धरला.

दिलीप, त्याचे मामा सयाजीराव आणि मामी आले. पोहे झाले, शिक्षण विचारून झालं. मग मामी म्हणाल्या, "दंगलीत काय तरास नाय ना झाला पोरीला?"

"छे, छे! त्याच्या आधीच आली ही इकडं," मी तोंड घातलं. अक्कानं पदर तोंडाला लावला. नंदिनी माझ्याकडे बघत राहिली.

"जरा चालून दाखव बाळ," सयाजीरावांनी रीतीप्रमाणे सांगितलं.

नंदिनी उठली, दारापर्यंत गेली, चपला घातल्या आणि जिना उतरली. ती वळून परत येईल म्हणून आम्ही सगळे दाराकडे बघत बसलो होतो.

मग मी अनवाणीच धावले. "नंदे, थांब! माझी अब्रू घालवतीस का?" बसस्टॉपजवळ गाठून तिचा दंड धरला. तिनं हिसडा देऊन सोडवून घेतला.

"मावशी, त्या दिवशीपन मला कुनी इचारलं नव्हतं."

तिनं मला त्या चौघांच्या रांगेत नेऊन उभं केलं. एवढी लाज जन्मात वाटली नव्हती.

"पाहुन्यांना काय सांगू?" मी कसंबसं विचारलं.

"मला लगीन करायचं नाय, एवढंच सांग. बाकीचं कुनाला सांगायचं ते माझं मी बघीन."

"आनि तू?"

"मी चालते थोडं."

तिच्या मागं जायला पाय नुसते वळवळत होते. पण मी वर गेले. सयाजीराव काय काय विचारत होते, मामी तणतणत होत्या. मी तेवढंच एक वाक्य सांगितलं. पाहुणे गेल्यावर खाली येऊन जिन्याच्या पायरीवर बसले. दर मिनिटाला उठून रस्ता बघत होते.

ती साडेसहाला आली.