विद्युतबाबाचं कडं

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. स्टेजवर शिंपी मास्तर बसले होते. डोक्यावर तारांची टोपी, मनगटात जाडजूड कडं, त्याच हातात काठोकाठ भरलेला पेला. तीन वर्षं या हातातला घास तोंडाऐवजी गालाला लागायचा. आज पेला सरळ ओठांना लागला, थेंबही न सांडता.

"मेंदूतले नऊ दिवे लावले," शेजारी उभा विद्युतबाबा गरजला. "दहावा पुढच्या खेपेला."

दिवेच लावले म्हणायचे! पण मास्तरांची बायको, सगळ्यांची काकू, पहिल्या रांगेत ढसाढसा रडत होती. महिन्यापूर्वी मास्तर हॉस्पिटलातला प्रयोग अर्धवट सोडून या बाबाच्या नादी लागले होते. तिथल्या डॉक्टरीणबाई मेंदूला बारीक करंट देऊन बघत होत्या. गुण येईल का, असं विचारलं तर म्हणाल्या, "अजून माहीत नाही. तेच तपासतोय." मास्तर उखडले, "हिलाच माहीत नाही, तर मला काय बरं करणार?"

काकू स्टेजवर गेली, मास्तरांचा हात हातात घेतला, आणि कडं तिच्या बोटांना लागलं. केवढं जड! कापताना कापड हलू नये म्हणून मास्तर त्यावर लोखंडी वजन ठेवायचे, तसंच. टोपी नव्हे, हे वजनच हात धरून ठेवत असेल तर? गप्प बसावं असं फार वाटलं तिला. पण रांगेतली एक बाई लेकीला सांगत होती, "उद्यापासून तुझं हॉस्पिटल बंद."

"अहो," काकू म्हणाली, "टोपी काढा, कडं राहू द्या. आता प्या."

मास्तर नीट प्यायले.

"आता टोपी घाला, कडं काढा."

बाबा मध्ये पडेपर्यंत कडं निघालं होतं. हात भरकटला, पाणी तोंडावर उडालं, पेला फुटला. काकूने टोपी उलटी केली. तारांची टोकं कापसात खोचलेली होती. वजनाने हाताचे हेलकावे दबत होते, दुखणं होतं तिथेच होतं.

लोक बाबाच्या अंगावर धावले. भिजल्या शर्टाने मास्तर हळूच म्हणाले, "मला घरापर्यंत तरी जाऊ द्यायचंस गं."

काकूने पदराने त्यांचं तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलात गेली. "प्रयोगात खंड पडला की त्या माणसाला परत घेता येत नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते.

मंडळी, 'माहीत नाही' म्हणणाऱ्यावर रागावू नका. छातीठोक बोलणाऱ्याला मात्र विचारा, हे काढून दाखव, ते काढून दाखव. काकूने विचारलं, पण महिनाभर उशिरा.